वर्गात मुले साऱ्या गावाची, शिक्षक कुणाचे? ठाणे आणि नवी मुंबईतील शिक्षकभरतीतल्या विविधतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे तिघांसाठी आहेत: शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी, संस्थाचालक आणि मुख्याध्यापकांसाठी, आणि शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांसाठी. उत्तरे लहानमोठी आहेत, कारण काही अडचणी एका ओळीत सुटतात आणि काहींनी पिढ्या खाल्ल्या आहेत.

शिक्षकांमध्ये विविधता म्हणजे फक्त जात का?

नाही. जात हा मोठा भाग आहे, पण घरची भाषा, गाव, लिंग, दिव्यांगत्व आणि घरात आधी कुणी शिकले आहे का, हे सगळे त्यात येते. ठाणे जिल्ह्याकडेच पाहा. भिवंडीत उर्दू आणि तेलुगू बोलणारी विणकरांची घरे आहेत, उल्हासनगरात सिंधी आहे, मुंब्र्यात उर्दू आहे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्याच्या गावठाणांत आगरी बोलतात आणि तुर्भे-दिघ्याच्या वस्त्यांत देशभरातून आलेली कुटुंबे राहतात. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कातकरी, ठाकर, महादेव कोळी आहेत. ही सगळी मुले शाळेत येतात. त्यांच्या घरातून आलेला एकही माणूस शिक्षकांच्या खोलीत नसेल, तर शाळा चालते, पण मुलांचे निम्मे बोलणे तिला ऐकूच येत नाही.

याने मुलांना खरंच फायदा होतो, याला पुरावा आहे का?

आहे, आणि तो जपून वाचायला हवा.

मागणी तर जुनीच आहे. १८८२ साली सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी हाच मुद्दा मांडला होता. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळपास सगळे एकाच जातीचे आहेत, ते शेतकऱ्यांच्या मुलांत मिसळत नाहीत, म्हणून शेतकरी वर्गातली माणसे प्रशिक्षण देऊन शिक्षक करावीत, अशी ती मागणी होती.

आजचे संशोधन त्याला आकड्यांत दुजोरा देते. कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ यांनी आंध्र प्रदेशातील सरकारी प्राथमिक शाळांचा अभ्यास केला. शिक्षिका शिकवत असलेल्या वर्गात मुलींची प्रगती वर्षाला सुमारे ०.०३६ मानक विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत ते सांगणारे माप) जास्त दिसली, आणि मुलग्यांचे नुकसान झाले नाही. आकडा लहान वाटेल, पण तो एका वर्षाचा आहे आणि शाळेची वर्षे अनेक असतात. अमेरिकेतील टेनेसी राज्यात, पहिल्या काही इयत्तांत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेल्या कृष्णवर्णीय मुलांची बारावीपर्यंतचे शालेय शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता १३ टक्क्यांनी जास्त आढळली.

आता दुसरी बाजू. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतात एक प्रयोग केला. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर मुलाची जात यदृच्छेने लिहून ती शिक्षकांकडून तपासून घेतली. ‘खालची’ जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना ०.०३ ते ०.०८ मानक विचलनाने कमी गुण मिळाले, आणि हा भेदभाव मुख्यतः स्वतः त्याच थरांतून आलेल्या तपासनिसांकडून झाला होता. याचा अर्थ सरळ आहे. आपल्यातला माणूस नेमला की आपोआप न्याय होतो, असे नाही. नाव झाकून उत्तरपत्रिका तपासण्याची सवय सगळ्यांनाच लावावी लागते.

आरक्षण आहेच की. मग वेगळे काय करायचे?

आरक्षण हा पाया आहे आणि तो पक्का राहिला पाहिजे. महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमाती ब २.५, क ३.५, ड २, विशेष मागास प्रवर्ग २ आणि इतर मागासवर्ग १९ असे ५२ टक्के होतात. त्यावर आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्के आहेत, आणि २०२४ च्या कायद्याने आलेले सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचे १० टक्के, ज्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. समांतर आरक्षणात, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच राखलेल्या जागांत, महिलांना ३० टक्के आणि दिव्यांगांना ४ टक्के जागा आहेत. नवी मुंबईच्या मूळ गावांसाठी महत्त्वाचे म्हणजे प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के आहेत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, त्या घरांतल्या नातवंडांपैकी कितीजणांना प्रकल्पग्रस्ताचा दाखला शिक्षकभरतीत चालतो हे माहीत आहे? दाखला एका कुटुंबात एकालाच वापरता येतो, तेव्हा कुणाच्या नावे घ्यायचा हे घरात आधी ठरवा.

पण आरक्षण जागा राखून ठेवते. त्या जागेपर्यंत पोहोचणारा उमेदवार ते तयार करत नाही. शिवाय जागा राखली जाते ती बिंदुनामावलीने, म्हणजे कितवे पद कुठल्या प्रवर्गाचे हे ठरवणाऱ्या नोंदवहीने. खासगी अनुदानित संस्थेत ही नामावली शाळावार नसते, संस्थावार असते. ती मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते, आपल्याकडे म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनात. वर्षानुवर्षे नामावली अद्ययावत नसली की जाहिरातच निघत नाही, आणि मग जागा ‘ठोक मानधनावर’ किंवा तासिका तत्त्वावर ओळखीच्या माणसाने भरली जाते. विविधतेची पहिली चोरी इथे होते, आणि तिचा गाजावाजा होत नाही. अल्पसंख्याक संस्थांना हे आरक्षण लागू नाही, पण म्हणून चांगली भरती करायला त्यांना कुणी अडवलेले नाही.

उमेदवार नेमके कुठे गळतात?

पाच ठिकाणी: बारावीनंतर, अध्यापक पदविकेत, पात्रता परीक्षेत, कागदपत्रांत आणि नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत. नेमणुकीच्या दिवशी जे दिसते ते या पाच गाळण्यांमधून उरलेले असते.

सगळ्यात क्रूर गाळणी मात्र यांत मोजलीच जात नाही. ती आहे वाट पाहण्याची. २०१२ नंतर राज्यात शिक्षकभरती अनेक वर्षे जवळपास थांबली. भरतीसाठीची पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि पवित्र या राज्याच्या ऑनलाइन शिक्षकभरती पोर्टलवरची पहिली निवड यादी २०१९ मध्ये लागली. दुसरी चाचणी २०२३ च्या सुरुवातीला आणि तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये झाली. ज्याच्या घरी दोन पगार आहेत तो पाच वर्षे अभ्यासिकेत बसू शकतो. ज्याच्या घरचे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात तो बसू शकत नाही. तो गोदामात लागतो, आणि एकदा लागला की परत येत नाही. भरती लांबली की तोटा सगळ्यांचा सारखा होत नाही. धोरण आखणाऱ्यांनी सगळ्यात आधी एकच गोष्ट करावी असे आम्हाला विचाराल, तर उत्तर आहे ठरलेल्या महिन्यात, दर वर्षी, न चुकता होणारी चाचणी आणि भरती.

पहिली ते पाचवीला शिकवायचे आहे. बी.एड. करू की डी.एल.एड.?

डी.एल.एड., म्हणजे वर आलेली अध्यापक पदविका. यात आता शंका राहिलेली नाही. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ग्राह्य नाही असा निकाल दिला. तरीही बारावीनंतर ‘आधी पदवी, मग बी.एड.’ असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात पाच वर्षे जातात आणि प्राथमिकचे दार बंदच राहते.

डी.एल.एड. दोन वर्षांची आहे. प्रवेशाला बारावीत खुल्या प्रवर्गासाठी ४९.५ टक्के आणि मागास प्रवर्गासाठी ४४.५ टक्के लागतात. बी.एड. सहावीपासून पुढे चालते. त्याला पदवीला ५० टक्के (मागास प्रवर्गाला ४५) आणि राज्याची प्रवेश परीक्षा लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा रोख २०३० पर्यंत चार वर्षांच्या एकात्मिक पदवीकडे आहे. गरीब घरातल्या मुलीसाठी आज तरी दोन वर्षांची पदविका हाच जवळचा रस्ता आहे. चार वर्षांची पदवी हीच किमान अट झाली आणि सोबत शिष्यवृत्ती, वसतिगृह आले नाही, तर पाड्यावरून येणारे उमेदवार आणखी कमी होतील.

टीईटी आणि ‘टेट’ यांत नेहमी गोंधळ होतो.

बोलताना होणारच. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ती उत्तीर्ण व्हायची असते. १५० प्रश्न, १५० गुण, १५० मिनिटे. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, मागास प्रवर्ग आणि दिव्यांगांना ५५ टक्के. पेपर १ पहिली ते पाचवीसाठी, पेपर २ सहावी ते आठवीसाठी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नका. प्रमाणपत्राला आता मुदत नाही, ते आयुष्यभर चालते. केंद्राची सीटीईटीही राज्यात ग्राह्य धरतात.

‘टेट’ म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिच्यात पास-नापास नाही, तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलवर क्रमवारी लागते. २०० प्रश्न, १२० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. १२० प्रश्न अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. परीक्षा संगणकावर होते.

चूक होते ती इथेच. गावाकडचे उमेदवार पुस्तक पाठ करून येतात आणि माउस धरायला चाचपडतात. ज्ञान कमी नसते, पण ३६ सेकंदांतले १० सेकंद पडद्यावर जातात. किमान १५ सराव चाचण्या मोबाईलवर नाही, संगणकावर घड्याळ लावून सोडवा. शाळांच्या संगणक कक्षांना संध्याकाळी कुलूप असते. आठवड्यातून दोन संध्याकाळी तेच दार उघडे ठेवले, तर संस्थेचा एक रुपयाही न घालवता ही गळती कमी होते. टीईटीत बालविकास व अध्यापनशास्त्राचे ३० गुण दोन्ही पेपरांत असतात. तो भाग एकदा नीट केला की दोनदा कामाला येतो.

नोकरीत असलेल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी द्यावी लागेल का?

१ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्यांनी दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायची आहे. पाच वर्षांहून कमी उरले असतील तर नोकरी सुरू राहते, मात्र पदोन्नती हवी असल्यास परीक्षा द्यावीच लागते. अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायदा लागू होतो का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आहे.

दुर्गम शाळांवर वीस वर्षे काढलेल्या अनेक शिक्षकांना बहुपर्यायी परीक्षेची सवय राहिलेली नाही. परीक्षा बऱ्याच भाषांतून देता येते, उर्दू, हिंदी, गुजराती, तेलुगू, कन्नड, सिंधी धरून. अर्जात माध्यम निवडताना घाई करू नका.

जातवैधतेचे काम कधी सुरू करावे?

डी.एल.एड.च्या पहिल्या वर्षी. निवड झाल्यावर नाही.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो आणि वैधता पडताळणी समितीकडून. अनुसूचित जमातींसाठी कोकण विभागाची समिती ठाण्यात आहे. पुरावा मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधीचा असेल तर काम सोपे होते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा शाळेत गेले नसतील तर शाळेचा दाखला कुठून आणणार? मग तहसील कार्यालयातील जन्ममृत्यूचा जुना गाव नमुना क्रमांक १४, म्हणजेच कोतवाल बुक, आणि जुने फेरफार, सातबारा शोधा. मोडी नोंद असेल तर लिप्यंतर जोडा.

पुरावा कमी पडला की दक्षता पथक घरी येते आणि आप्तभाव चाचणी होते: रूढी, देव, बोली, नाती विचारतात. शहरात वाढलेल्या ठाकर किंवा महादेव कोळी मुलाला यातले बरेच सांगता येत नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी मानता येत नाही आणि स्वातंत्र्यपूर्व कागदांना मोठे वजन द्यावे लागते. नकार आला तर हा निकाल वकिलाच्या लक्षात आणून द्या.

कोळी उमेदवारांनी विशेष जपावे. महादेव कोळी आणि मल्हार कोळी अनुसूचित जमातीत आहेत, मासेमारी करणारे कोळी विशेष मागास प्रवर्गात. वडिलांच्या दाखल्यावर नुसते ‘कोळी’ लिहिलेले असेल तर प्रवर्ग ठरवण्याआधी जाणकाराला दाखवा. चुकीच्या प्रवर्गात भरलेला अर्ज पुढे दुरुस्त करणे फार अवघड जाते. आगरी इतर मागासवर्गात आहेत. त्यांना नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र लागते, आणि ते जाहिरातीतल्या तारखेला चालू असावे लागते. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही. विवाहित स्त्रीची जात माहेरची धरतात, म्हणून कागद वडिलांच्या बाजूचे लागतात.

आमचे कुटुंब कर्नाटकातून (किंवा उत्तर प्रदेशातून) नवी मुंबईत आले. इथे आरक्षण मिळेल का?

परराज्याच्या जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्राच्या नोकरीत आरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. कुटुंब मानीव दिनांकाआधीपासून महाराष्ट्रात राहत असेल तर पुरावा जोडून इथला दाखला मागता येतो. नाहीतर अर्ज खुल्यातून करा, आणि घरच्या भाषेचे बळ वापरा: ज्या माध्यमात शिकलात त्या माध्यमाच्या पदांना स्पर्धा वेगळी असते. पदाचे माध्यम आणि तुमच्या शिक्षणाचे माध्यम जुळावे लागते, ही अट जाहिरातीत दोनदा वाचा.

शहापूर, मुरबाडच्या पेसा कायद्याखालच्या (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या) गावांत फक्त स्थानिक आदिवासी शिक्षक नेमतात, हे खरे का?

९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील काही पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी भरायची तरतूद केली, त्यात शिक्षकही होते. पुढे २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील अशा शंभर टक्के आरक्षणाला घटनाबाह्य ठरवले. महाराष्ट्रातला वादही न्यायालयात गेला, भरती रखडली आणि काही उमेदवारांना मानधनावर तात्पुरते घ्यावे लागले.

आमचे मत असे की, शंभर टक्क्यांचा कायदेशीर वाद काहीही होवो, त्यामागची गरज खरी आहे. कल्याणहून लोकलने आसनगाव, तिथून एसटी किंवा वडाप, मग डोळखांब-किन्हवलीच्या आत पाड्यापर्यंत दुचाकी. एवढा प्रवास रोज करणारा शिक्षक साडेचारला निघतोच, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पाड्यावर राहणारा शिक्षक संध्याकाळीही शिक्षक असतो. स्थानिक माणूस हवा तर शहापूरच्या मुलींना डी.एल.एड.ला असताना वसतिगृह द्या.

दिव्यांग उमेदवाराला परीक्षेत आणि नोकरीत काय मिळते?

२०१६ च्या कायद्याने ४ टक्के जागा आहेत: अंध व अल्पदृष्टी १, कर्णबधिर १, अस्थिव्यंग व तत्सम १, आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांगता मिळून १. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. लेखनिक घेण्यास पात्र असलेल्यांना तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो, म्हणजे टीईटीत ५० मिनिटे आणि अभियोग्यतेत ४०. ही मागणी अर्ज भरतानाच नोंदवावी लागते. केंद्रावर जाऊन सांगितले तर पर्यवेक्षकाच्या हातात काही नसते.

नोकरी लागल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. चाकाच्या खुर्चीतल्या शिक्षिकेला तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग देतात आणि मग ‘तिला जमत नाही’ म्हणतात. वर्ग खाली आणा. उताराला १ इंच उंचीमागे किमान १२ इंच लांबी हवी, नुसती फळी टाकून तो उतार होत नाही. अंध शिक्षकाला पुस्तके संगणक वाचू शकेल अशा स्वरूपात द्या. पानांचे फोटो काढून पाठवले तर यंत्र ते वाचत नाही. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण तयार करणे खासगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे. नवी मुंबई महापालिकेचे वाशीतील ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांसाठी काम करते. ती मुले मोठी होऊन शिक्षक होतील, हा विचार आपल्या शाळांनी आतापासून करायला हवा.

तृतीयपंथी व्यक्ती शिक्षक होऊ शकते का?

हो. २०१९ चा कायदा नोकरीत भेदभाव करायला मनाई करतो. ओळखपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळते, अर्ज ऑनलाइन होतो. गुणपत्रिकांवरचे नाव बदलायला वेळ लागतो, म्हणून ते काम भरतीच्या आधी उरका.

शिक्षिका तर आता जास्तच आहेत ना?

देशपातळीवर हो. २०२४-२५ च्या यूडायस प्लसमध्ये, म्हणजे देशभरच्या शाळांच्या सरकारी माहितीसंचात, शिक्षकांची संख्या प्रथमच १ कोटीच्या वर गेली आणि त्यांत महिला ५४.२ टक्के होत्या. पण सरासरी फसवते. शहरातल्या बालवर्गांत पुरुष औषधालाही सापडत नाही, आणि दुर्गम पाड्यावरच्या दोन शिक्षकी शाळेत शिक्षिका नसते. तिथे आधी बंद होणारे दार, पाणी असलेले स्वच्छतागृह आणि वेळेवर परतीची गाडी लागते. नेमणुकीच्या आदेशात यातले काहीच लिहिलेले नसते.

आमची खासगी शाळा आहे. मुलाखत न्याय्य कशी घ्यावी?

अनुदानित संस्थेला मुलाखतीसाठी उमेदवार पवित्र पोर्टलवरूनच येतात, स्वयंअर्थसहाय्यित शाळा स्वतः जाहिरात देतात. दोघांनाही पुढची पद्धत चालते.

समितीत तीन ते पाच जण, त्यांत किमान एक संस्थेबाहेरचा. सहा प्रश्न आधी लिहून ठेवा आणि सर्वांना त्याच क्रमाने विचारा. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण, आणि ‘३ म्हणजे काय’ हे एका ओळीत आधीच ठरलेले हवे. प्रत्येकाने गुण स्वतंत्र लिहून पाकिटात टाकावेत, चर्चा त्यानंतर. हा क्रम उलटला की अध्यक्षांचे मत सगळ्यांचे होते. नमुना पाठ २० मिनिटांचा, घटक सर्वांना एकच आणि २४ तास आधी कळवलेला, समोर खरी मुले बसलेली. रिकाम्या वर्गात समितीसमोर पाठ घ्यायला लावला तर निवड भाषणाची होते, शिकवण्याची होत नाही.

‘राहता कुठे’, ‘लग्नाचे काय’, ‘आडनाव कुठले’ हे प्रश्न विचारूच नका. आणि ‘भाषा शुद्ध नाही’ हा शेरा गुणपत्रकातून काढून टाका. त्याऐवजी लिहा: मुलांना सूचना समजली का? चुकलेल्या मुलाला त्याने कसे सावरले? आगरी वळणाने बोलणारी शिक्षिका गणित उत्तम शिकवू शकते. पुस्तकी मराठी तिला येतेच, ती पदविका त्याच मराठीत पास झालेली असते.

नेमणूक केली, पण वर्षभरात सोडून गेले. काय चुकले?

आधी पैसे पाहा. शिक्षण सेवकाला, म्हणजे नव्याने नेमलेल्या शिक्षकाला, तीन वर्षे पगाराऐवजी मानधन मिळते: १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,००० रुपये. ठाण्यात किंवा कोपरखैरण्यात खोलीचे भाडे आणि अनामत देऊन यात काय उरते? बाहेरगावच्या शिक्षकाला अनामतीसाठी बिनव्याजी उचल दिली तरी पहिले सहा महिने निभावतात. पतपेढी असेल तर पहिल्या दिवसापासून सभासद करून घ्या.

दुसरे कारण बोलले जात नाही. शाळेत एकच कातकरी शिक्षक आला की आदिवासी म्हणून असलेली सगळी कामे त्याच्या गळ्यात पडतात. शिष्यवृत्तीचे अर्ज, स्थलांतरितांचे सर्वेक्षण, आधार, पाड्यावरची गृहभेट, नाच बसवणे, सगळे तोच करतो. इतरांचे तास शिकवण्यात जातात, त्याचे फॉर्म भरण्यात. मग वर्षअखेरीस त्याच्या वर्गाचा निकाल कमी दिसतो आणि तोच पुरावा म्हणून पुढे करतात. कामे फिरती ठेवा आणि फळ्यावर लावा. पहिल्या वर्षी त्याच विषयाचा एक अनुभवी सोबती द्या, आठवड्यातून एक तास वेळापत्रकातच बांधलेला. एकट्याला नेमण्यापेक्षा दोघांना जवळच्या शाळांत नेमले तर टिकण्याची शक्यता वाढते.

मुलांच्या बोलीचा शिक्षक मिळालाच नाही तर?

मग आहे त्या शिक्षकाने बोली ऐकायला शिकायचे. आगरी घरातले मूल ‘घोडा’ला ‘घोरा’ लिहिते, ‘पडला’ला ‘परला’, ‘डोळा’ला ‘डोला’, ‘पाणी’ला ‘पानी’. याला नियम आहे: शब्दाच्या सुरुवातीचा सोडून ड चा र, ळ चा ल, ण चा न. ज्याला हा नियम माहीत आहे तो लाल रेघ मारत बसत नाही. तो दोन रकाने करतो, ‘घरी’ आणि ‘पुस्तकात’, आणि मूल स्वतः जोड्या लावते. ज्याला माहीत नाही त्याला तेच मूल कच्चे वाटते.

कातकरी किंवा ठाकर मुलांच्या वर्गासाठी जूनमध्येच अंगणवाडीताई आणि दोन पालकांना बसवून दीडदोनशे शब्दांची यादी करा: नाती, अन्न, प्राणी, शरीर, ‘दे, ये, कुठे, किती’. पहिले सहा ते आठ आठवडे बोलण्यावर भर ठेवा, लेखन मागे राहू द्या. यादी पुढच्या शिक्षकासाठी शाळेतच ठेवा, बदलीबरोबर ती जाऊ देऊ नका.

विविधतेच्या नादात गुणवत्ता घसरेल, असे पालक म्हणतात.

पात्रता सर्वांना एकच आहे: तीच पदविका, तीच टीईटी. ५५ आणि ६० टक्क्यांतला फरक म्हणजे १५० पैकी साडेसात गुण. मुलाला बेरीज का जमत नाही हे ओळखणारी नजर त्या साडेसात गुणांत मोजली जात नाही. पालकांना वर्ग दाखवा, वाद घालू नका.

आमच्या शाळेची स्थिती कशी मोजू?

एका कागदावर डावीकडे मुले, उजवीकडे शिक्षक. दोन्हीकडे घरची भाषा, प्रवर्ग, लिंग, दिव्यांगत्व. शिक्षकांचे लिंग, प्रवर्ग आणि दिव्यांगत्व यूडायस प्लसमध्ये तुम्ही भरतच असता, घरची भाषा मात्र विचारावी लागते. खाली गेल्या पाच वर्षांच्या चार ओळी: अर्ज किती, मुलाखतीला किती, नेमले किती, तीन वर्षांनी उरले किती. गळती कुठे आहे ते याच चार ओळी दाखवतात.

टक्केवारीत बोलू नका. १२ शिक्षकांच्या शाळेत एक माणूस म्हणजे ८.३३ टक्के, त्यातून काहीच निष्कर्ष निघत नाही. आणि हा कागद फळ्यावर लावू नका. कुणाची जात, कुणाचा आजार ही त्या माणसाची खासगी गोष्ट आहे. पाचपेक्षा लहान आकडा बाहेर जाऊ देऊ नका.

शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात काय आहे?

नेमणूक नाही, पण पाठपुरावा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आधी आपली समितीच तशी आहे का ते बघा. मग सप्टेंबरअखेर संचमान्यतेसाठी (पटावरून शाळेची शिक्षकपदे मंजूर होतात ती प्रक्रिया) पटाची नोंद पूर्ण आहे का विचारा. मुलांचे आधार जुळले नाही की पट कागदावर घटतो आणि पद जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३. ६१ मुलांच्या शाळेत एक आधार चुकला की एक शिक्षक गेला. वीटभट्टीवर गेलेल्या मुलांची नावे यात सगळ्यात आधी गळतात, म्हणून दिवाळीच्या सुटीआधी त्या घरांची यादी मुख्याध्यापकांकडून मागून घ्या आणि सभेच्या इतिवृत्तात नोंदवा.